खालचा उजवा कोपरा

कंपनीचं नाव बुधवारी बदललं.
जुन्या नावात दोन आडनावं होती, मध्ये एक 'आणि'.
भागीदारी तुटली, 'आणि' गेलं,
लोगोतला निळा हिरवा झाला
नि मला सांगण्यात आलं,
दोनशे बारा शीट्सवर
खालचा उजवा कोपरा शुक्रवारपर्यंत नवा हवा.

महापे, तिसरा मजला.
खिडकीत खाणीनं खाल्लेला पारसिकचा डोंगर,
अलीकडे रंगाच्या कारखान्याचं छप्पर.
लोकांना वाटतं ड्रॉइंग म्हणजे पंप, पाइप, भिंती.
वीस वर्षं बघतेय,
साइटवरचा माणूस आधी कोपरा वाचतो.
नंबर काय, रिव्हिजन कुठली, सही कुणाची.
पुढे पाणी चढलं नाही तर
बोटही तिथंच ठेवतात.

तसं काम सोपं.
चौकट एकाच मूळ फाइलीत असते,
बाकीच्या शीट्स नुसत्या तिच्याकडे बघत असतात.
तिथं नाव बदललं, सेव्ह केलं, चहा घेऊन आले,
तोवर एकशे अठ्ठ्याऐंशी जणींनी
मुकाट्यानं नवं नाव लावलं होतं.
मला लग्नानंतर सात वर्षं लागली.
बँकेत अजून जुनंच आहे.

चोवीस राहिल्या.
मढवी सरांच्या.

हरिश्चंद्र पांडुरंग मढवी, घणसोली गाव.
'तपासले'च्या रकान्यात ह. पां. म.
जोडलेल्या फाइलीवर त्यांचा विश्वास नव्हता.
ब्लॉक फोडायचे, अक्षरं सुटी करायचे
आणि प्रत्येक शीटवर स्वतः टाइप करायचे,
दोन बोटांनी, चष्मा कपाळावर.
"एके ठिकानी बदलला का सगलीकरं बदलतं, बाय.
तीच तर भीती."

तेव्हा एकेक उघडत बसले.

रिव्हिजनच्या रकान्यात माणूस सापडतो.
शून्य: तारखा कशा ओळीत, कवायतीला उभ्या.
ए: गटार पूर्वेला वळवलं.
बी: गटार होतं तिथं परत आणलं.
सी: महिना चुकलाय.
त्याच आठवड्यात डायलिसिस सुरू झालं होतं,
आम्हाला 'दाताचं काम' म्हणाले होते.
डी: 'तपासले' रिकामं.
कुणी भरलं नाही, कुणी विचारलंही नाही,
शीट तशीच साइटवर गेली.

एकशे सतरावर थांबले.
लेयरांच्या यादीत अगदी तळाशी एक,
नाव नुसतं 'मीठ'.
राखाडी. बंद. प्लॉट न होणारा.

चालू केला.
पंपघराच्या टाकीखालून
टाकीशी न जुळणारी, कुंपणाशी न जुळणारी,
एकही काटकोन नसलेली
हद्द वर आली.
आत दोन ओळी:
एक एकर अठरा गुंठे.
पां. ध. मढवी.

मोजून पाहिलं. स्केल बरोबर होतं.

साडेबारा टक्क्यांतला त्यांचा प्लॉट कुठे निघाला
ते मला कधीच कळलं नाही.
एवढं कळलं की कागदावर न उमटणारी ही रेघ
त्या शीटबरोबर दरवेळी जात होती,
मंजुरीला, कंत्राटदाराकडे, पेनड्राइव्हमधून सरकारी टेबलावर,
आणि शेरे घेऊन परत यायची.
एकही शेरा तिच्यावर नाही.

"पर्ज मारून पाठवा मॅडम, फाइल जड होते,"
ऋत्विज खुर्ची न वळवता म्हणाला.
मारलं.
पर्ज रिकामं असेल तेवढंच उचलतं.
ज्यात एक रेघ आहे, दोन ओळी आहेत,
ते आपोआप जात नाही.
हातानंच पुसावं लागतं.

लेयर बंद केला, होता तसा.
कोपऱ्यात नवं नाव टाइप केलं,
ब्लॉक फोडलेलाच ठेवून.
मलाही दोनच बोटं सुचली.
'तपासले'पाशी कर्सर बराच वेळ लुकलुकत राहिला,
मग माझी अक्षरं टाकली.
रिव्हिजन ई. तारीख, महिना पुन्हा पाहून.
वर्णनाच्या रकान्यात नेहमीचं वाक्य:

ड्रॉइंगमध्ये बदल नाही.
फक्त टायटल बदललं.